वीस वर्षांचा पाहुणा

"हा माणूस कोण?" बोंद्रे साहेबांनी विचारलं.

"पावणो," आबा धुरी म्हणाले.

साहेबांनी माझ्या बापाकडे पाहिलं. बा आबांच्या खळ्याच्या कडेला, दुखरा पाय लांब करून, हातातली काठी मांडीवर आडवी ठेवून बसला होता. तोही आबांकडेच बघत होता. आपण पाहुणे आहोत हे त्याला वीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

"पाहुणा म्हणजे कोणाचा?"

"देवाचो," आबा म्हणाले. "आमच्या कोकणात पावण्याक कोण हाकलना नाय, साहेब. इलो, ऱ्हवलो. आमी काय बोलतलव?"

पाहुणा खरा. नेपाळातल्या अछाम जिल्ह्यातून देवगडला आला, आधी इतरांच्या बागांत राबला, मी शाळेत जायला लागले तेव्हा आबांकडे आला तो परत गेलाच नाही. या पाहुण्यानं आबांच्या बागेला कुंपण घातलं, कलमांना आळी केली, फवारण्या मारल्या, माकडं हाकली आणि जिथं गावातला गडी चढायला नाही म्हणतो त्या शेंड्यांवरचे हापूस देठासकट खाली उतरवले. आबांच्या दोन्ही मुलींच्या लग्नात उष्ट्या पत्रावळी याच पाहुण्यानं उचलल्या. असा पाहुणा देवानं प्रत्येक बागायतदाराला द्यावा.

आदल्या मे महिन्यात हा पाहुणा आबांच्या बागेतल्या सगळ्यांत उंच कलमावरून पडला. बा म्हणत होता, शिडीची पावटी मोडली. आबा म्हणत होते, कसली शिडी नि कसलं कलम, दारू पिऊन कुठंतरी बांधाच्या दगडी गडग्यावरून पडला असेल. खुबा मोडला, तो वाकडा जुळला. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशन केलं तर हा माणूस चालेल, नाही केलं तर वर्षभरात दुसरा पायही धरेल. ऑपरेशन आमच्या ऐपतीतलं नव्हतं. कायद्यानं ते मालकावर येत होतं, पण त्यासाठी आधी मालक असायला हवा होता. सगळं घोडं एका वाक्यावर अडलं होतं: हा माझा माणूस. तेवढं वाक्य आबांच्या तोंडून निघत नव्हतं.

"मॅडम, पुरावा काय आहे तुमच्याजवळ?" बोंद्रे साहेब माझ्याकडे वळले. ते कामगार खात्याचे, मूळ अकोल्याचे. अर्ज करून करून माझी बोटं झिजली तेव्हा कुठे ते जीपमधून उतरले होते आणि उतरल्यापासून घाम पुसत होते. "हजेरीपट, ओळखपत्र, काही?"

"साहेब, माकडं हाकलायला ओळखपत्र लागत नाही."

"तसं नसते ना मॅडम. मले कागद लागते, नाहीतर साक्षीदार लागते."

साक्षीदार पाच होते. बा पडला तेव्हा आमच्याच मुलखातले पाच जण त्या कलमाखाली क्रेट भरत होते. साहेबांनी एकेकाला विचारलं. त्यांचा म्होरक्या खडक रावल म्हणाला, मी तेव्हा दुसरीकडे बघत होतो. बाकीचे चौघेही दुसरीकडेच बघत होते. एक माणूस झाडावरून खाली येईपर्यंत पाच माणसं पाच दिशांना बघत होती. मला त्यांचा राग आला नाही. हंगाम तोंडावर होता आणि आबांची बाग सोडली तर पुढची बाग आबांच्या भावाची होती.

हे सगळं आणखी एक बाई खुर्चीत बसून टिपून घेत होत्या. डॉ. वैजयंती पाळंदे, माझ्या गाईड. मी मुंबईला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, विषय होता कोकणातल्या आंबाबागांतले नेपाळी स्थलांतरित. विषय त्यांनीच दिला होता. मला खरं म्हणजे मुंबईच्या गिरणगावावर काम करायचं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "पवित्रा, तू इनसायडर आहेस. हे तुझं भांडवल आहे, ते वाया घालवू नकोस." तेव्हापासून मी भांडवल होते. मुंबईतल्या सेमिनारमध्ये लोक मला म्हणायचे, तुमचं मराठी किती छान आहे हो! मी देवगडच्या सरकारी दवाखान्यात जन्मले, गावातल्या मराठी शाळेत शिकले, शिव्यासुद्धा मला मालवणीतच येतात. गावात मात्र मी नेपाळ्याचा चेडू, म्हणजे नेपाळ्याची पोर. अछामला एकदा गेले होते, तिथं मावशीनं शेजारणीला ओळख करून दिली, ही आमची इंडियावाली. सगळीकडे माझी ओळख करून द्यावी लागते एवढंच माझं इनसायडरपण.

मॅडम दोन दिवस फील्ड बघायला आल्या होत्या आणि उतरल्या होत्या आबांच्याच 'आमराई होम स्टे'मध्ये. आबांच्या घरची सोलकढी पिऊन आणि सुरमई खाऊन त्या मला म्हणाल्या होत्या, "किती साधी माणसं आहेत गं!" साधी माणसं आता साहेबांना शहाळं देत होती.

साहेब शहाळं पिऊन "बघतो" म्हणून देवगडला मुक्कामाला निघाले. बघतो म्हणजे काय ते सरकारशी ज्याची गाठ पडली त्या प्रत्येकाला माहीत आहे.

"मला जरा वेगळं बोलायचंय," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ही तक्रार तू करायला नको होतीस. संशोधकानं हस्तक्षेप केला की फील्ड दूषित होतं."

"मॅडम, फील्डला चालता येत नाहीये."

"मी तुझ्या भावना समजू शकते. पण तुझे वडील तुझ्या नमुन्यात आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या. काय झालं ते मला कळलं नाही.

संध्याकाळी मॅडम आमच्या खोपीवर आल्या. बागेच्या वरच्या अंगाला जांभ्या चिऱ्याची एक खोली, वर पत्रा. त्यातच मी वाढले. आमा, म्हणजे माझी आई, चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. आमाचं नाव धनसरा, पण आबा बाला बहादूर म्हणत म्हणून तिला बहादुरीण. बाला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणारा खडक दारात उकिडवा बसून चहा पीत होता. दिवसा दुसरीकडे बघितल्याची लाज वाटून तो बाच्या पायाला लावायला कसलंसं तेल घेऊन आला होता. बानं ते मुकाट्यानं घेतलं.

मॅडमनी रेकॉर्डर सुरू केला. "डम्मरजी, तुम्हाला स्वतःला तुम्ही कुठले वाटता? नेपाळचे की इथले?"

बानं विचार केला. कोणी प्रश्न विचारला की त्याचा मान राखायचा अशी त्याची रीत. मग म्हणाला, "झाडावर असलो की धुरींचा. खाली उतरलो की नेपाळचा."

"आणि पडलात तेव्हा?"

"तेव्हा मधे होतो."

मॅडमनी डोळे मिटले. "लिमिनल!" त्या पुटपुटल्या. हा शब्द मला सेमिनारमध्ये चहाबरोबर रोज मिळायचा. त्याचा अर्थ उंबरठ्यावरचा. माझा बा उंबरठ्यावर नव्हता, जमिनीवर होता, खुबा मोडून.

"देवचाराला तरी काय दोष द्यायचा," आमा भाकरी उलटत आमच्या बोलीत म्हणाली. "कोणाला सांभाळायचं ते त्या बिचाऱ्याला सांगितलं तर पाहिजे."

"काय म्हणाल्या?" मॅडमचे कान टवकारले.

मी सांगितलं. आमच्या भागात प्रत्येक बागेला एक देवचार असतो, जागेचा अदृश्य राखणदार. हंगामाची पहिली पेटी भरण्याआधी मालक त्याच्या दगडापाशी नारळ ठेवतो, कोंबडा देतो, दारूची बाटली देतो आणि गाऱ्हाणं घालतो. म्हणजे मोठ्यानं सगळं सांगायचं आणि मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. झाडावर चढणाऱ्या गड्यांना सांभाळ, हेही त्यातच येतं. एका वर्षी आबांनी नारळ ठेवायचा आळस केला तर सगळा मोहोर करपला. तेव्हापासून आबा सरकारला भीत नाहीत, बँकेला भीत नाहीत, बायकोलासुद्धा बेतानंच भितात. पण देवचाराचं नाव निघालं की टोपी काढतात. उद्या सकाळी त्यांचं गाऱ्हाणं होतं.

"आबा दरवर्षी आमच्या माणसांची नावं सांगतात," आमा म्हणाली. "बहादूर, दुसरा बहादूर, तिसरा बहादूर. ह्यांचं नाव तर डम्मर. देवचार झाडाझाडाखाली बहादूर शोधत फिरला असेल. तसा कोणी असता तर झेलला असता त्यानं. हे पडले."

मी हसले. लहानपणापासून आमाचं हे असंच. ताप आला तरी ती आधी देवाकडे चूक कोणाची ते विचारायची. मॅडम हसल्या नाहीत, त्या लिहीत होत्या. आणि खडकही हसला नाही. त्याचा चहाचा पेला हातातच राहिला होता.

"मलाही बहादूरच म्हणतात," तो म्हणाला.

आमानं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

"आम्हा पाचांनाही," तो म्हणाला. "उद्या तेच कलम आधी माझ्याकडे आहे." त्यानं पेला खाली ठेवला आणि चहा तसाच टाकून उठून गेला.

आमा भाकरी टोपलीत टाकत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर खडक गेला त्या वाटेकडे बघितलं आणि माझं हसू विरलं. चपला घालून मी वर सड्याच्या उघड्या माळावर गेले, कारण मोबाइलला रेंज तिथंच येते, आणि बोंद्रे साहेबांना फोन लावला.

"साहेब, उद्या सकाळी जाण्याआधी जरा बागेत या. मुहूर्ताचा कार्यक्रम आहे."

"अजी मॅडम, मी काय करू तिथं येऊन? पाहणी झाली ना आपली."

"देवचाराला कोंबडा असतो. मग सगळ्यांना जेवण."

"गावरान?"

"गावरान."

"तशी थोडी पाहणी राहिलीच होती," साहेब म्हणाले.

परत आले तर मॅडम उभ्या राहून पर्स खांद्याला लावत होत्या. "नाव आणि संरक्षण! काय सुंदर धागा आहे हा! मी आत्ताच आबांना जाऊन विचारते, खरी नावं का नाही घेत म्हणून."

"मॅडम, आज नका विचारू."

"का गं?"

"फील्ड दूषित होईल," मी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मला क्षणभर वाईट वाटलं. "शिकतेयस," त्या म्हणाल्या.

सकाळी त्या मोठ्या कलमाखाली सगळी वाडी जमली. आबांचे चुलतभाऊ, वाडीतले सगळ्यांत वयस्कर दाजी घाडी, शेजारच्या बागेचे मालक गोट्या परब. वाशीला पेट्या न्यायला आलेला टेम्पो बांधापाशी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. खडक आणि त्याचे चौघे साथी झेले खांद्यावर टाकून उभे होते. झेला म्हणजे आंबा अलगद उतरवायची जाळी लावलेली लांब काठी. मॅडम कॅमेरा घेऊन पुढे. बोंद्रे साहेब हात जोडून आणि कोंबड्याच्या टोपलीवर एक डोळा ठेवून. बाला आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. "तेका कित्याक आणलास?" असं आबा आमाला म्हणाले, तर ती म्हणाली, "दरवर्सा येतत." आबांनी खुर्ची पुढे येऊ दिली. पाहुण्याला नको कसं म्हणणार?

आबांनी टोपी काढली, दगडापुढे नारळ ठेवला आणि सूर लावला.

"बा देवचारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सालाबादाप्रमाणा ह्यो नारळ ठेवलो हा, कोंबो दिलो हा, तुजी बाटली दिली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाशीचो भाव चढो ठेव, करपो नि तुडतुडो बांधाभायर ठेव, माकडां शेजारच्याच्या बागेत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारचे गोट्या परबही सवयीनं ओरडले आणि मग त्यांनी आबांकडे रागानं पाहिलं.

"नि ही गडीमाणसां, बहादूर, दुसरो बहादूर, तिसरो, चौथो नि बारको बहादूर, ह्येंका झाडार सांभाळ रे म्हाराजा!"

"व्ह..."

"थांबा," खडक म्हणाला. त्यानं झेला खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवला. बाकीच्या चौघांनीही ठेवले.

"काय झाला रे?" आबा म्हणाले.

"आमचा नाव नाय घेतला."

"घेतलंय मा! बहादूर म्हटलंय नाय?"

"बहादूर इथे कोण नाय, आबा. माझा नाव खडक रावल. गेल्या साली पण तुम्ही बहादूर सांगितला आणि डम्मरदाजू पडला. नाव सांगा, मग आम्ही चढतो."

"तेचो काय संबंध?" आबा चिडले. "गाऱ्हाणा घालतलंय मी नि शिकवतलंस तू?"

"संबंध असा, आबा," दाजी घाडी म्हणाले. त्यांचं वय झालं होतं, पण आवाज अजून खणखणीत होता. "वीस वर्सां तू देवचाराक खोटी नावां सांगतंस? मेल्या, माजी बाग तुज्या बागेक लागान असा! तो चवताळलो तर बांध बघतलो काय?"

आता सगळी वाडी बोलायला लागली. कोणाला आपल्या कलमांवरचा भुरी रोग आठवला, कोणाला मेलेली म्हैस. इतकी वर्षं ज्याचं कारण सापडत नव्हतं त्या सगळ्याचं कारण आबांच्या गाऱ्हाण्यात सापडलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. पाडाला लागलेला आंबा कोणाच्या अब्रूसाठी थांबत नाही.

आबांनी रुमालानं मान पुसली. मग ते खडककडे वळले आणि सात हंगाम ज्याच्याकडून आंबे उतरवून घेतले त्या माणसाला त्यांनी विचारलं, "नाव काय रे तुजा?"

एकेकानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आबांच्या जिभेला ती नावं वळत नव्हती. एक एक नाव ते दोन दोनदा घासून म्हणत होते आणि मी बाजूला उभी राहून सुधारून देत होते. वाडी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मॅडमचा कॅमेरा फिरत होता.

"झाला?" आबा म्हणाले.

"डम्मरदाजूचा ऱ्हायला," खडक म्हणाला.

"तो खय चढतलो आता?"

"चढत नाय. पण देवचाराकडे त्याचा बाकी आहे. ते मिटल्याशिवाय या कलमावर मी पाय ठेवणार नाय."

"बरोबर असा," दाजी म्हणाले. "ता आधी निस्तर."

आबांनी दगडाकडे पाहिलं. मग त्यांची नजर हात जोडून उभ्या असलेल्या बोंद्रे साहेबांकडे गेली. साहेब कोणत्या खात्याचे आहेत ते आबा विसरले नव्हते. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला देवचार. मी आबांना लहानपणापासून ओळखते. त्यांच्या मनातला हिशेब मला स्वच्छ दिसत होता. साहेबांची बदली होते. देवचाराची होत नाही.

"बा देवचारा म्हाराजा," आबा म्हणाले. आवाज खाली गेला होता. "ह्यो डम्मर साउद."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो माजो माणूस."

"व्हय म्हाराजा!"

"वीस वर्सां माज्या बागेत राबलो, नि माज्याच ह्या झाडावरसून पडलो रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अकोल्याचा आला. आपण कशाला होय म्हटलं ते साहेबांना एक क्षण उशिरा कळलं. त्यांचे जोडलेले हात सुटले आणि उजवा हात शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे गेला.

ते आबांनी पाहिलं. माणूस बुडायला लागला की कशालाही धरतो.

"पण तेचीय चूक होती म्हाराजा," आबा भरभर म्हणायला लागले. "दारू पिऊन झाडार चढलो. ती तेची चूक पदरात घे, तेका क्षमा कर, नि सगळा गोड करून घे रे म्हाराजा!"

क्षमेला कोण नाही म्हणतं? सगळ्या वाडीची तोंडं उघडली. माझंसुद्धा, सवयीनं.

"नाय म्हाराजा," आमा म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण ज्या ठिकाणी त्या सुरात फक्त "व्हय" येतं तिथं "नाय" आलं आणि कोंबडासुद्धा गप्प झाला. आबांच्या खळ्यात या बाईनं आजवर डोक्यावरचा पदरही खाली येऊ दिला नव्हता.

"ही प्रतिक्रिया पारंपरिक आहे का?" मॅडमनी माझ्या कानात विचारलं.

मी "हो" म्हणाले. काय करणार, वेळ नव्हता. पुढे मॅडमचा लेख एका परदेशी नियतकालिकात आला, त्यात 'स्त्रियांचा विधिवत नकार' असा एक स्वतंत्र भाग आहे. त्याचा आधार घेऊन आणखी दोघांनी लेख लिहिलेत. अशी प्रथा कोकणात कुठंही नाही. माझ्या आईनं ती त्या सकाळी सुरू केली आणि त्याच सकाळी संपवली. मी आता स्वतः शिकवते आणि विद्यार्थी तो लेख वाचून येतात तेव्हा मला खाली बघावं लागतं. आणखी एक सांगून टाकते, कारण ऐकणारे सगळे हेच विचारतात: हो, ऑपरेशन झालं, पावसाळ्याआधी, आबांच्या खर्चानं. बोंद्रे साहेबांनी उपस्थित सगळ्यांची साक्ष घेतली आणि वाडीतला एकही जण नाही म्हणाला नाही, कारण देवचारासमोर व्हय म्हणून साहेबासमोर नाय म्हणणार कोण! बा चालतो. थोडा लंगडतो, पण चालतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी कलमाखाली आबा टोपी हातात धरून उभे होते आणि त्यांचं गाऱ्हाणं रुतलं होतं.

"बहादुरणी, तू मधे बोला नुको," ते म्हणाले.

"ह्यांनी दारू कधी नाय पिल्यानी," आमा म्हणाली. "देवासमोर खोटा नको."

"दाजी, तुमी सांगा हिका," आबा म्हणाले.

"मी काय सांगतलंय?" दाजी म्हणाले. "व्हय इला नाय, आबा. व्हय नाय तर फुडे जावक गावचा नाय. काय खरा असात ता सांग नि मोकळो हो."

टेम्पोवाल्यानं या वेळी हॉर्न दिला नाही. तोही खाली उतरून उभा होता. आबांनी दगडाकडे पाहिलं, पोफळीसारखा ताठ माणूस, पण त्याचे खांदे पडले. ते बोलले ते दगडाशीच.

"शिडी कुजलेली होती म्हाराजा. तेना माका सांगितल्यान होता. मी म्हटलंय, एवढो सीझन काढ."

कोणी "व्हय" म्हणालं नाही. दाजींनी नाही, परबांनी नाही, साहेबांनी नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या खुर्चीकडे. हे व्हय कोणाचं आहे ते मॅडम सोडून सगळ्यांना कळलं होतं.

बानं खुर्चीचे दोन्ही हात धरले. मी पुढे झाले तर त्यानं मला नजरेनंच थांबवलं. आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्यावर, जेवढं उठता येत होतं तेवढा तो उठला. शेंड्यावरून खालच्या माणसाला हाक मारायचा तो त्याचा जुना आवाज वर्षभर मी ऐकला नव्हता. दगडाकडे न बघता, आबांच्या तोंडाकडे बघत, त्या आवाजात तो म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"